भरणाऱ्याची सही

सरतापे नानांच्या मुलीचं पत्र आलं. वरच्याच ओळीत 'कालकथित गणपत सरतापे' असं होतं. त्यांच्याविषयी चार पानं लिहावीत म्हणून बसले आणि हाताच्या सवयीने 'कै.' लिहून गेले. मग ते खोडलं. नानांनी ते चालवून घेतलं नसतं. "ताई, कैलासात कोन गेलंय? तिकडचा पत्ता आमी छप्पन साली दीक्षा घेतली तवाच सोडला," असं काहीतरी हसत म्हणाले असते, पण माझ्याकडून खोडून घेतल्याशिवाय उठले नसते.

मी त्यांना ओळखत होते ती तीन-चार वर्षं. त्याआधी ते सैन्यात होते, त्याआधी माण तालुक्यातल्या एका गावात गुरांमागे. त्या आयुष्याबद्दल ते फारसं बोलत नसत आणि मी विचारत नसे. म्हणून इथे पूर्ण चरित्र नाही. जे मी पाहिलं तेवढंच आहे.

सांगलीत, विश्रामबागेत एका डॉक्टरांच्या बंगल्याच्या खालच्या तीन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. राजस्थानच्या वाळवंटात अणुस्फोट झाला त्याच्या पुढच्या वर्षी ते उघडलं. स्फोटानंतर बाहेरच्या देशांनी हात आखडता घेतला. मग दिल्लीने ठरवलं, अणुभट्ट्यांना लागणारं युरेनियम आपल्याच जमिनीत शोधायचं. जिथे आशा कमी तिथेही एकदा बघून घ्यायचं. सातारा-सांगलीत सगळा काळा दगड, त्यात कोणालाच आशा नव्हती. पण जतच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीकडे हा काळा दगड पातळ होत जातो आणि त्याच्याखाली फार जुना दुसरा दगड आहे. तिथे काय आहे ते कळायला भोकं पाडायची तर खर्च फार. म्हणून आधी विहिरी. पाणी वर्षानुवर्षं खडकात राहतं आणि त्या खडकातलं थोडंफार स्वतःत विरघळवून घेतं. प्रत्येक विहिरीची एक बाटली हैदराबादच्या प्रयोगशाळेत जायची. जिथल्या पाण्यात जास्त सापडेल, तिथे पुढे मशीन जाणार.

मी मराठीची एम.ए. कॉलेजात जागा मिळाली नाही म्हणून टायपिंगची परीक्षा देऊन त्या ऑफिसात चिकटलेली. बाटल्या भरायचं काम नानांचं. पद रोजंदारीचं, पण रोज सकाळी ते परेडला निघाल्यासारखे यायचे: इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाकी पँट, चकचकीत बूट, खिशाला पेन. विहिरीत उतरायचं असलं तरी बूट पॉलिश केलेलेच.

कामाचा नियम असा होता की भरणाऱ्याने स्वतःच्या हाताने बाटली विहिरीत सोडायची, त्याच पाण्याने ती तीनदा विसळायची, मग चौथ्यांदा भरायची, पाण्याखालीच बूच लावायचं आणि रजिस्टरात 'भरणाऱ्याची सही' या रकान्यात सही करायची. नानांनी हा नियम मंत्रासारखा धरला होता. मंत्र हा शब्दही त्यांना आवडला नसता. ऑर्डर म्हणू.

एकदा तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदाराने त्यांना आग्रहाने घरात बसवलं आणि बाटली मुलाकडून भरून आणवली. ऑफिसात आणून नानांनी ती माझ्या टेबलावर ठेवली. आत पाणी स्वच्छ, वर तुळशीचं पान तरंगतंय.

"हे काय, नाना?"

"दिल्लीला पानी जानार म्हनून गाळून दिलं. तांब्याच्या हंड्यातलं. वर तुळस. सरकारला निवेद दाखवलाय त्येनं."

"मग आता?"

"आता परत जातो. गड्याला म्हनलं, लय प्रेम हाय तुझं, पर मला तुझी हीर पायजे, तुझा हंडा न्हाई."

आणि दुसऱ्या दिवशी त्या एका बाटलीसाठी ते एसटीने परत तासगावला गेले.

महाबळेश्वरला तर त्यांनी ऐन पावसाळ्यात तीन दिवस काढले. एका झऱ्याचं पाणी घ्यायचं होतं आणि पाऊस थांबत नव्हता. बाटलीत चार थेंब वरून पडले की ओतून द्यायची, परत विसळायची. जीपचा ड्रायव्हर बापू गारठून म्हणाला, "आवं नाना, पाणी ते पाणी. त्यात वरचं काय आन् खालचं काय?" नाना म्हणाले, "वरचं ढगाचं हाय. ढगात युरेनियम शोधाय मला पगार देत न्हाईत." शेवटी त्यांनी हॉटेलवाल्याकडून मोठी छत्री मागून आणली, बापूला ती झऱ्यावर धरायला उभा केला आणि बाटली भरली. बापू स्वतः भिजला, बाटली भिजली नाही. हे बापूनेच मला सांगितलं, शिव्या देत, आणि नंतर वर्षभर ज्याला त्याला अभिमानाने सांगत फिरला.

गावांत फिरताना त्यांच्या पिशवीत सैन्यातला एक इनॅमलचा मग असायचा. चहा आला की ते तो पुढे करत. मला वाटलं, वेगळी कपबशी पुढे आली तर घरच्यांना अवघड वाटू नये म्हणून हा समजूतदारपणा असेल. तसं मी एकदा बोलले. 

"त्यास्नी अवघड वाटू नये म्हनून न्हाई, ताई. येगळा कप फळीवरनं काढायचा, ही संधी मी त्यास्नी देत न्हाई."

 माझ्या आजोळी अशी एक कपबशी होती. कौलाखाली, बाहेरच्या बाजूला. ती कोणासाठी हे मला लहानपणी कोणी सांगितलं नव्हतं आणि मला माहीत होतं.

ऑफिसात मी इंग्रजी वर्तमानपत्र वाचत असले की ते विचारायचे, "दिल्ली काय म्हनती?" त्यांना राजकारणाचं वेड नव्हतं. आपण बाटली भरतो ती कशासाठी, हे त्यांना रोज ताजं माहीत असावं लागायचं, एवढंच. आणि दिल्ली काय म्हणते ते वर्तमानपत्राआधी मला पत्रांतून कळायचं. पहिल्या दोन वर्षांत प्रत्येक पत्रावर 'अत्यंत निकडीचे' असा शिक्का असे. इतक्या विहिरी का राहिल्या, जीप कमी पडत असेल तर कळवा. मग सत्त्याहत्तरच्या निवडणुका झाल्या, दिल्लीत सरकार बदललं, आणि पत्रांचा सूर बदलला. शिक्के गेले. 'काटकसर' आली, 'फेरविचार' आला, 'उपलब्ध निधीच्या मर्यादेत' आलं. पत्रं इंग्रजीत असत, मी इथे मराठीत सांगते आहे. टाइप करणाऱ्याला कोणी काही समजावून सांगत नाही, पण शब्द तिच्या बोटांखालून जातात.

मी नानांना सांगितलं, "वारं फिरलंय."

"फिरू द्या. दगडाला धोरन कळत न्हाई. त्यो हाय तिथंच हाय."

"पण ऑफिस राहील का?"

"त्ये आपल्या हातात न्हाई. रजिस्टर आपल्या हातात हाय."

त्या रजिस्टरातच गोष्ट अडकली.

जतच्या पुढच्या त्या गावाचं नाव मी घालत नाही. त्याच्या चारी बाजूंच्या गावांतल्या विहिरींचे आकडे हैदराबादहून आले होते. फार मोठे नव्हते, पण आमच्या सगळ्या जिल्ह्यांत तेवढेच जरा वर होते. मधल्या गावात एकच चांगली खोल विहीर. ती बघितली की कळणार होतं: इथे मशीन आणण्यात अर्थ आहे, की आजूबाजूचं सगळं नुसतं योगायोगाचं. नाना तिथे उन्हाळ्यात जाऊन आले आणि रजिस्टरात त्यांनी लिहिलं: 'पाणी घेऊ दिले नाही. कारण, जात.'

आमचे साहेब दातार. पुण्याचे, अभ्यासू, कोणाशी आवाज चढवून न बोलणारे. त्यांनी मला बोलावलं आणि इंग्रजीत काय टाइप करायचं ते सांगितलं: विहिरीपर्यंत पोचता आले नाही. नाना दारातच उभे होते.

"काय लिवलं, ताई?"

मी सांगितलं.

"पोचता आलं न्हाई कसं? जीप काठाला उभी हुती. बापूला इचारा."

दातार म्हणाले, "सरतापे, हा देशाच्या अणुकार्यक्रमाचा कागद आहे. त्यात जातपात कशाला आणता?"

"साहेब, ती हीर देशातच हाय न्हवं?"

दातारांनी चष्मा काढून पुसला. मग मला म्हणाले, "आहे तसं टाइप करा." त्यांच्याविषयी मला आदर वाटला तो त्या दिवशी.

पण पुढच्या वर्षी दिल्लीहून नवा फॉर्म आला. जुन्या फॉर्मवर तीन रकाने होते: आशा आहे, आशा नाही, तपासलेले नाही. नव्यावर दोनच. तिसरा रकाना काढून टाकला होता, कारण 'तपासलेले नाही' लिहिलं की तपासायला पैसे मागावे लागतात. ऑफिस महिन्याअखेर बंद करायचं होतं. दातारांनी जतच्या पुढच्या त्या गावांच्या पट्ट्यासमोर 'आशा नाही' लिहिलं आणि नमुने घेणाऱ्याची सही हवी म्हणून नानांना बोलावलं. शेजारी दुसरा कागद होता. बिहारकडे जिथे खाण चालू होती, तिथल्या कॅम्पवर कायम नोकरीत घ्यायच्या माणसांची यादी. तिच्यात नानांचं नाव होतं. त्यांची मुलगी तेव्हा साताऱ्याला वसतिगृहात राहून शिकत होती, कायम नोकरी म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

"एक सही करा आणि मोकळे व्हा. यादी आज जाते."

"सही म्हंजी मी बगितलं. मी बगितलं न्हाई, साहेब."

"आजूबाजूच्या सगळ्या बघितल्यात ना?"

"आजूबाजूच्या बगितल्या म्हनून तर मधली बगायची."

"आणि समजा काही असलंच, तरी आता ते काढणार कोण आहे? धोरण बदललंय."

"उद्या परत बदलंल. तवा कोनतरी हा कागद काढंल आन् म्हनंल, सरतापेनं बगितलंय, तितं काय न्हाई. न्हाई आन् बगितलं न्हाई, ह्यात लय फरक हाय."

"म्हणजे सही नाही?"

"आदी हीर."

दातारांनी फॉर्म बाजूला सरकवला. मग म्हणाले, "गुरुवारपर्यंत जीप इथे आहे. नंतर ती हैदराबादला जाते. तिथे भांडण झालं तर मी तुम्हाला पाठवलेलं नाही. आणि यादी थांबणार नाही."

"नगं थांबवू."

अडवलेल्या विहिरीवर परत गेलं तर रजिस्टरात साक्षीदाराची सही लागते, ड्रायव्हरची चालत नाही. शिपाई म्हणाला, माझ्या मेव्हण्याचं सासर त्याच गावात आहे, मी येत नाही. म्हणून मी गेले. त्यात माझं शौर्य नव्हतं, दुसरं कोणी नव्हतं.

पोचलो तेव्हा विहिरीवर बायकांची गर्दी होती. मार्च संपत आलेला, गावातले आड आटलेले, सगळं गाव त्या एका विहिरीवर. काठावर डिझेल इंजिन. थोडं लांब, बाभळीखाली, गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतल्या चार-पाच बायका रिकाम्या घागरी घेऊन बसलेल्या. कोणीतरी वरून ओतेल याची वाट बघत. नानांनी जीपमधून उतरताना त्यांच्याकडे एकदाच बघितलं.

विहिरीचे मालक म्हणजे गावचे आण्णा, पासष्टीचे गृहस्थ, पटका बांधलेला. चांगले बोलले. "या साहेब, या. त्या टायमाला गैरसमज झाला. द्या बाटली, आमी भरून देतो की. बाटली तुमची, पाणी आमचं."

"बाटली माजी, हात बी माजाच," नाना म्हणाले. "ऑर्डर हाय."

"आन् युरेनियम निगालं तर गाव उठवताल?"

"त्ये मला ठावं न्हाई. हाय तर हाय म्हनीन, न्हाई तर न्हाई. तुमच्यासाठी खोटं लिवनार न्हाई, सरकारसाठी बी न्हाई."

एक तरुण पुढे आला. आण्णांचा पुतण्या असावा. "आण्णा, हात लावला तर हीर उपसावी लागंल. सगळी."

मला वाटलं आता संपलं. नानांचा चेहरा मात्र उजळला. खोटं नाही सांगत, काम सोपं झाल्यासारखा उजळला.

"उपसा की! लय बरं हुईल. साठल्यालं पानी मला नगंच हाय. उपसलं की खालच्या खडकातनं ताजं पाझरतं, मला तेच पायजे. लावा इंजिन. मी थांबतो."

पुतण्याने विचारलं, "आन् तुमी परत हात लावला तर?"

"लावनारच. तीनदा इसळायची, चवथ्यांदा भरायची."

"मग आमी परत उपसू."

"परत उपसा. मी परत भरीन. गुरवारपत्तूर जीप हाय." आणि नाना बूट काढून काठावर बसले. बुटांची तोंडं सरळ, शेजारी शेजारी. "चालू करा. बगू डिझेल कुनाचं आदी सपतंय."

कोणीतरी हसलं. बायकांतून हसलं. मग एक वयस्कर बाई, कमरेवर भरलेली घागर घेऊन, आण्णांसमोर येऊन उभी राहिली. त्यांच्याच घरातली होती, कारण ती त्यांना मोठ्याने बोलली.

"आवं, येडं लागलंय का तुमास्नी? मार्चात हीर उपसताय? उद्या प्यायचं काय, तुमचा पटका पिळून? भरू द्या त्यास्नी, आन् जाऊ द्या घरला!"

आण्णांनी पुतण्याकडेही बघितलं नाही. ते इंजिनाकडे पाठ करून उभे राहिले, आणि ती पाठच परवानगी होती.

नानांनी दोर सोडला. बाटली बुडाली, वर आली, त्यांनी ती हलवून ओतली. एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. घाई नाही. सगळं गाव बघत होतं आणि ते बाटलीकडे बघत होते. मग चार पायऱ्या उतरून, बाह्या वर सारून, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून त्यांनी ती भरली आणि पाण्याखालीच बूच लावलं. वर येऊन हात पुसला आणि रजिस्टरात लिहिलं: 'स्वतः भरली.' खाली सही. मग पेन माझ्याकडे दिलं.

मी सही करत होते तेव्हा बाभळीखालची एक बाई जवळ आली. तरुण होती. नानांना म्हणाली, "मामा, माजी बी घागर भरून द्या की."

"मी का? दोर हाय की तितं."

ती म्हणाली, "तुमी आज हाय. उद्या जाताल."

"जानार. खरं हाय."

तिने घागर काठावर ठेवली. "उद्याचं उद्या बगू," म्हणाली आणि दोर धरला.

दुसऱ्या दिवशी त्या विहिरीवर काय झालं, मला माहीत नाही. नाना पुढच्या आठवड्यात एसटीने परत त्या गावात जाऊन आले, हे बापूकडून कळलं. मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "गेलो हुतो. परत जानार हाय." त्याहून जास्त सांगितलं नाही.

यादी त्यांच्या नावाशिवाय गेली. दातारांनी त्या पट्ट्यासमोर 'आशा नाही' खोडलं आणि दोन्ही रकाने कोरे ठेवून फॉर्म पाठवला. कोरा का, असं कोणी विचारलं नाही. ऑफिस बंद झालं, मी एका शाळेत लागले, नाना एका साखर कारखान्यावर रखवालदार झाले.

सहा-सात महिन्यांनी दातारांचं कार्ड आलं, हैदराबादहून. त्या विहिरीचा आकडा आला होता. साध्या पाण्याचा असतो तसा. पट्ट्यात काही नव्हतं.

नाना मला त्यानंतर एकदाच भेटले, एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात, सांगलीच्या स्टँडवर. रखवालदाराचा गणवेश, त्यालाही इस्त्री. मुलगी डी.एड.ला गेली म्हणून सांगितलं. कार्ड माझ्या पर्समध्येच होतं, कधीतरी भेटतील म्हणून ठेवलेलं. मी ते वाचून दाखवलं. एका आकड्यापायी त्यांची नोकरी गेली होती आणि आकडा तर हा असा. मला वाचताना अपराधी वाटत होतं.

"न्हाई?"

"नाही. काहीच नाही."

त्यांनी कार्ड हातात घेऊन आकडा स्वतः बघितला. मग मान हलवली, समाधानाने.

"मग लिवा की. आशा न्हाई. आता मी सही करतो."

"कोणाला पाठवायचं, नाना? ऑफिस नाही. दिल्लीत आता परत सरकार पडायला आलंय म्हणतात. हे कोणाला हवंय?"

"मला पायजे."

स्टँडच्या बाकावर बसून मी वहीच्या कागदावर लिहिलं: गाव, विहीर, आकडा, आशा नाही. त्यांनी खिशातलं पेन काढून खाली सही केली, पूर्ण नावाची, सावकाश. मी कागदाची घडी घालत होते तोवर त्यांची बस लागली. ते चढले, खिडकीजवळ जागा धरली. बस हलली तसं त्यांना काहीतरी आठवलं आणि अर्धं अंग बाहेर काढून ते स्टँडभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "ताई, रजिस्टर्ड करा! साधं टाकलं तर म्हनतील मिळालंच न्हाई!"

मी तशीच पोस्टात गेले, पाकिटावर दिल्लीचा जुना पत्ता घातला आणि रजिस्टर्ड केलं.